हातमोज्याला ओल कळत नाही

४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरने लिहिणं-वाचणं कमी करा म्हणून बजावलं, म्हणून आजपासून ही वही सुरू केली. डॉक्टरचं सगळंच ऐकू नये, ते सोकावतात.

काचबिंदू. नाव मोठं गोंडस आहे. समोरचं लख्ख दिसत राहतं, कडेचं हळूहळू जातं. मी म्हटलं, आमच्या कामात समोरचंच बघायचं असतं. तरी कंपनीने मला काउंटरवरून उठवलंच. विमानाने जाणारा धोक्याचा माल तपासायचा, हे माझं काम. ॲसिड, रंग, बॅटऱ्या, वायूच्या नळकांड्या. पेटी नीट बांधली आहे का, लेबलं बरोबर आहेत का हे बघून हो किंवा नाही म्हणायचं. मी बहुतेक नाही म्हणायचो. समोर सर म्हणत आणि पाठीमागे नकारघंटा. म्हणोत. वर आकाशात पेटी गळायला लागली तर खिडकी उघडून फेकता येत नाही, एवढं ज्यांना कळत नाही त्यांनी बैलगाडीने माल पाठवावा.

निरोपाला घड्याळ दिलं. काटे इतके बारीक आहेत की मला ते दिसत नाहीत. मुद्दाम निवडलं असणार.

माझ्या खुर्चीवर आता आमची सूनबाई बसते. सप्टेंबरपर्यंत तात्पुरती, काम पसंत पडलं तर कायम. तिला शिकवलं मी, मोठ्या साहेबांकडे शब्द टाकला मी. मुलगा जहाजावर असतो, घरी बसून ती भिंती मोजत राहिली असती. आता मी मोजतो.

९ मार्च

रोज जेवण झालं की डोळ्यांत औषध घालायचं, जन्मभर. माझ्या हाताने थेंब कपाळावर पडतो, ही घालते तेव्हा कानात. सूनबाईचा हात मात्र स्थिर. "वर बघा," म्हणते, आणि थेंब नेमका आत. मग पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. तेवढ्यात ती दिवसभराचं सांगते. आज म्हणाली, "बाबा, एका माणसाने रंगाचे डबे चहाच्या खोक्यात आणले होते. मी तळाला हात लावला तर चिकट."

माझी शिकवण आहे ती. लेबल डोळ्याने बघ, पेटी हाताने बघ. उचल, हलव, कानाशी धर, आणि शेवटी तळाला उघडा तळहात लाव. गळती सुरू झाली की डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळते. त्यासाठी हातमोजा काढायचा. हातमोज्याला ओल कळत नाही.

हे ऐकून ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी तुम्हीच मोज्यांशिवाय पेटीला शिवू देत नव्हता. कडेचं दिसेनासं झालं तेव्हापासून हे हाताचं खूळ." हिला आमच्या कामातलं काय कळतं.

२ एप्रिल

मेव्हणा आला होता. हा बायकोचा धाकटा भाऊ. आजवर त्याने टायर विकले, फरशी विकली, एकदा मधमाश्या पाळल्या. त्या उडून गेल्या, शहाण्या होत्या. आता म्हणतो, "भावोजी, मालाच्या गेटामागे गाळा मिळतोय. धोक्याचा माल नियमाप्रमाणे बांधून द्यायचं दुकान काढू. गिऱ्हाईक मी आणतो, अक्कल तुमची."

ही म्हणाली, "दोघं एकत्र? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं." पण मला पटलं. सगळा जन्म लोकांच्या पेट्या परत पाठवण्यात गेला. एकही पेटी परत येणार नाही अशी कशी बांधायची हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

१५ मे

दुकान सुरू होऊन दोन आठवडे झाले. धातू साफ करायचं ॲसिड बनवणारा कारखाना मेव्हण्याने पटवला. दर मंगळवारच्या विमानाने त्यांच्या बाटल्या जातात. बाटलीचं टोपण घट्ट करायचं, त्यावर टेप, मग प्लास्टिकची पिशवी, पेटीत शोषक भुकटी भरायची आणि मधोमध बाटली बसवायची. बाटली फुटलीच तर भुकटी ॲसिड पिऊन घेते, थेंब बाहेर येत नाही. पेटी चाचणी झालेली, तिच्यावर शिक्का. चाचणीत जे वापरलं तेच वापरायचं, तस्संच. मी बांधलेली पेटी बघून मलाच प्रेम आलं.

२१ मे

पेटी परत आली.

मी स्वतः घेऊन गेलो होतो, मुद्दाम. रांगेत जुने ओळखीचे लोक. सूनबाईने पेटी फिरवली आणि बोटाने टेप मोजल्यासारखी केली.

"बाबा, ही टेप दोन इंची आहे. या पेटीची चाचणी तीन इंचीवर झालीये."

"मग?"

"मग परत न्यावी लागेल."

"दोन पट्ट्या मारल्यात शेजारी शेजारी. दोन आणि दोन चार होतात, तीनपेक्षा जास्त."

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "हे उत्तर तुम्हाला कोणी दिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मागे कोणीतरी हसलं. तीन इंची टेप संपली होती, मेव्हणा दोन इंची घेऊन आला होता, त्यात माझा काय दोष? घरी आल्यावर मी बोललो नाही. जेवण झाल्यावर ती औषधाची बाटली घेऊन आलीच. "वर बघा." मी वर बघितलं. औषधावर राग काढून काय उपयोग.

१२ जून

आज बाणाचं लेबल. वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवा, आमच्या पेटीवर एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूचा मी लावला होता, नक्की लावला होता, गळून पडला असेल. ती म्हणते, पेटीला डिंकाची खूण पण नाही. म्हणजे आता मी खोटारडा.

गुरूची विद्या गुरूला. आणि तीसुद्धा चारचौघांत. माझ्या जागी दुसरा कोणी सासरा असता तर तिला ही नोकरीच दिसली नसती.

मेव्हणा म्हणतो, "भावोजी, सून आपली असून पेट्या परक्यासारख्या परत येतात. कारखान्याचा मॅनेजर विचारत होता, तुमचं घरी पटत नाही का?"

३ जुलै

शोषक भुकटी संपली. पुरवठादार म्हणतो दहा तारखेनंतर. आणि कारखान्याने सांगितलंय, मंगळवारचं विमान चुकलं तर ते दुसरीकडे जाणार. मेव्हण्याने कुठूनतरी पोतंभर कागदाच्या कातरणी आणल्या. मी साफ नाही म्हटलं. कागद ॲसिड धरून ठेवत नाही, त्याचा लगदा होतो आणि ॲसिड खाली उतरतं, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो.

"अहो, बाटली फुटली तर ना?" मेव्हणा म्हणाला. "तुम्ही बांधलेली बाटली आजवर फुटलीये का?"

ते खरं आहे. माझी बाटली फुटलेली नाही. तेव्हा ही एक खेप. बाहेरून पेटी तीच, शिक्का तोच. आणि या वेळी सूनबाईला बोट ठेवायला जागा सापडली नाही. पेटी गेली. कानाशी धरून तिने ती जरा जास्तच वेळ हलवली, बस्स.

१७ जुलै

भुकटी आली, पण मेव्हणा म्हणतो कातरण आहे तोवर वापरू, पोती पडून आहेत. मी काही बोललो नाही. दोन खेपा व्यवस्थित पोचल्या. नियम करणारे लोकही जरा जास्तच भितात असं अलीकडे मला वाटायला लागलंय.

दुपारी सूनबाई दुकानात आली. मी चष्मा घरी विसरलो होतो, तो द्यायला. कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघत उभी राहिली.

"हे काय?"

"मामांची रद्दी."

"मामांचा रद्दीचा धंदा कधीपासून?"

"त्याचे धंदे तो मोजत नाही, तू कुठे मोजत बसतेस?"

ती हसली नाही. निघताना म्हणाली, "बाबा, संध्याकाळी मी येऊन पेट्या भरायला मदत करत जाऊ? सुटल्यावर मला वेळ असतो." आता घरातून इथेही लक्ष ठेवणार. मी म्हटलं, काही गरज नाही.

२४ जुलै

पुन्हा परत. "आतून आवाज येतोय. भुकटी भरलेल्या पेटीतून असा आवाज येत नाही. आत काय भरलंय ते उघडून दाखवा, मी लगेच घेते." मी पेटी उचलली आणि चालू लागलो. विमान चुकलं. मेव्हण्याने मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या आणि त्या मला आणून दिल्या.

घरात आज "वर बघा" एवढेच शब्द.

२९ जुलै

मोठ्या साहेबांना भेटून आलो. तक्रार करायला गेलो नव्हतो. चहा घेतला, जुन्या आठवणी निघाल्या. मग मी सहज म्हटलं, काउंटरच्या अलीकडे सून आणि पलीकडे सासरा, हे बरं दिसत नाही. उद्या तिने आमची पेटी घेतली तर लोक म्हणतील घरचं म्हणून घेतली, कंपनीच्या नावाला बट्टा नको. साहेब म्हणाले, "तुम्ही असा विचार करता म्हणून तुमची आठवण येते."

हे तिच्याही भल्याचंच आहे. कायम व्हायला महिना राहिलाय. अशा वेळी रोज रांगेशी वाद घालणारी बाई कोणाला आवडते?

१ ऑगस्ट

काम झालं. औषध घालताना ती म्हणाली, "माझी बदली झाली. मागे, माल रचायच्या जागी. पेट्या पॅलेटवर चढवून जाळी बांधतात ना, तिथे देखरेखीला."

"का बरं?" मी विचारलं. माझे डोळे मिटलेले होते.

"साहेब म्हणाले, घरच्या मोठ्या माणसांनाही तेच योग्य वाटतं."

मग तीच म्हणाली, "मागे उजेड कमी आहे. पण हात आहेत."

माझं नाव साहेबांनी घेतलेलं दिसत नाही. आणि हाताचं मात्र तिने लक्षात ठेवलंय. बरं वाटलं.

८ ऑगस्ट

काउंटरवर नवा माणूस बसवलाय. मी त्याचं नाव नंदीबैल ठेवलं. त्याने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि शिक्का मारला. पेटीला हातसुद्धा लावला नाही. माझ्या हाताखाली असता तर एका दिवसात घरी पाठवला असता. असो. आपल्याला काय, पेटी गेली.

बाटल्यांची टोपणं अलीकडे नीट बसतात की नाही ते मला एका नजरेत कळत नाही. आटे बारीक आहेत. मेव्हण्याला बघायला सांगितलं तर तो फोनवर बोलत बोलत बघतो.

२० ऑगस्ट

सूनबाईचा हात भाजला. उजवा. ॲसिड. दवाखान्यातून आत्ता आलो. ही तिथेच थांबली आहे. जास्त लिहवत नाही.

२३ ऑगस्ट

लिहून काढतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

मंगळवारच्या पेट्या मागे पॅलेटवर चढवत होते. प्रवासी विमान होतं, माल त्याच्या पोटात जाणार. जाळी बांधायच्या आधी ती नेहमीसारखी फिरली. तिथला मुकादम सांगत होता, ती सगळ्या पेट्या बघत नाही, तेवढा वेळ नसतो. पण बाकीच्या पेट्या सोडून ती एका पेटीपाशी गेली, मोजा काढला, पेटी जराशी कलती केली आणि तळाखाली हात घातला.

तळ राहिलाच नव्हता. नुसता लगदा होता. आतलं सगळं तिच्या तळहातावर आलं.

मुकादम म्हणाला, ती ओरडली नाही. आधी म्हणाली, "पॅलेट थांबवा." मग नळाकडे धावली. विमान उशिरा गेलं. आतले लोक घड्याळं बघून चडफडले असतील, मग त्यांनी जेवणाची ताटं उघडली असतील.

पेटी आमची होती.

टोपण कारखान्याचं. त्यात खोट असणार. बाटली आजवर फुटली नव्हती.

३० ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून हाताला लावावी लागली. जखम भरेल. दोन बोटं मात्र पुरती मिटणार नाहीत.

मुलाचा जहाजावरून फोन आला. त्याने आईशी बोलून ठेवून दिला. ही माझं पान वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. आज एकच वाक्य बोलली, तेही भिंतीकडे बघून. "बाकीच्या पेट्या सोडून तिने तुमचीच का चाचपली, हा विचार करून बघा." केला विचार. माझ्या हाताची पेटी म्हणून प्रेमाने चाचपली असेल, दुसरं काय?

मग झोप लागली नाही.

६ सप्टेंबर

मेव्हण्याचं म्हणणं, घाबरायचं कारण नाही. गळती झाली तेव्हा तिथल्या पथकाने सगळ्यावर आपली शोषक भुकटी ओतली आणि लगदा, पेटी, भुकटी सगळं एका पिंपात भरून सीलबंद केलं. आता त्यात आपली भुकटी किती आणि त्यांची किती, देव आला तरी सांगू शकणार नाही. कारखान्यानेही टोपणाचा तो घाणा खराब निघाल्याचं मान्य केलं. त्यांना टोपणवाल्याकडून भरपाई मिळणार आहे.

कातरणींची पोती त्याने दुकानातून हलवली. कुठे नेली ते मी विचारलं नाही.

१४ सप्टेंबर

आज चौकशी होती. मोठे साहेब, बाहेरून आलेल्या एक अधिकारी बाई, सूनबाई आणि मी. पेटी आमच्या दुकानाची असली तरी मला जुना जाणकार म्हणून बोलावलं होतं, खुर्चीसुद्धा चांगली दिली. सूनबाईचा हात गळ्यात अडकवलेला.

टोपणाचा विषय दोन मिनिटांत मिटला. पेटीत काय होतं हे कोणी विचारलंच नाही. बाईंचा सगळा रोख एकाच गोष्टीवर.

"हातात मोजा होता, तो तुम्ही काढला. का?"

"सवय आहे," सूनबाई म्हणाली.

"धोक्याच्या मालाला उघडा हात लावायची सवय? ही पद्धत इथे कोणी घातली?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. अगदी ठरवून नाही बघितलं. "माझीच आहे," म्हणाली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "यांना तुम्ही तयार केलंत. तुम्ही असं शिकवलं होतंत?"

मोठे साहेब माझ्याकडे अशा आदराने बघत होते की मला माझी जुनी खुर्ची आठवली. इतकी वर्षं या इमारतीत माझा शब्द म्हणजे नियम होता.

मी म्हटलं, "हातमोजे घालूनच पेटी हाताळावी असा नियम आहे. मी सगळ्यांना नियमच शिकवला."

साहेबांनी लिहून घेतलं. सूनबाईने मान खाली घातली आणि गळ्यातल्या पट्टीची गाठ नीट केली, डाव्या हाताने. ती तिला जमत नव्हती. शेजारी बसून मला गाठ मारून देता आली असती. मी दिली नाही, कारण तेव्हा मला ती बाजूला दिसतच नव्हती. डॉक्टरने सांगितलंय, कडेचं जातं.

निर्णय असा, की इजा स्वतःच्या निष्काळजीपणाने झाली. भरपाई नाही. आणि कायम करण्याचा प्रश्न उरत नाही.

मी खोटं बोललो नाही. नियम तोच आहे, कोणीही काढून बघावा.

१५ सप्टेंबर

तिचा हात भाजल्यापासून औषध मीच घालून घेत होतो, म्हणजे उशीत घालत होतो. आज जेवण झाल्यावर ती बाटली घेऊन समोर आली. डाव्या हातात.

"वर बघा."

पहिला थेंब गालावर पडला. "थांबा," म्हणाली, "या हाताला अजून जमत नाही." दुसरा आत गेला. मी डोळे मिटले. रोजची पाच मिनिटं. पूर्वी या वेळात ती दिवसभराचं सांगायची. आता तिच्याकडे सांगायला दिवसच नाही.

मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, आत कागदच होता ना?"

मी म्हटलं, "औषध घातल्यावर बोलायला लावू नये. बाहेर येतं."

"बरं," ती म्हणाली.

तेव्हा मला भरून आलं. हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो. मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. तिला वाटलं औषधच बाहेर आलंय. ती जवळ बसून माझे गाल पुसत राहिली, एकदा, पुन्हा एकदा.

दवाखान्यातून आल्यापासून ती मोजा घातल्याशिवाय कशालाही हात लावत नाही. भांड्याला नाही, साबणाला नाही, माणसालाही नाही. तोच पातळ रबरी मोजा तिच्या डाव्या हातात होता.

बरं झालं.